झोडियाकची पत्रं : अक्षर जुळलं म्हणजे नेमकं काय जुळलं?

टाकबोरू

गेले तीन महिने झोडियाकची पत्रं वाचतोय. खरं तर बघतोय म्हणायला हवं. मजकूर केव्हाच पाठ झाला, आता नुसती अक्षरं न्याहाळत बसतो. घरचे म्हणतात, एवढं लक्ष शाळेत असताना स्वतःच्या अक्षराकडे दिलं असतंस तर बरं झालं असतं.

ज्यांना प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. २० डिसेंबर १९६८ ते ११ ऑक्टोबर १९६९ या काळात उत्तर कॅलिफोर्नियात चार हल्ले झाले. पाच जण मेले, दोघं जखमी होऊन वाचले. खुनी स्वतःला झोडियाक म्हणवत वर्तमानपत्रांना पत्रं पाठवायचा, सोबत सांकेतिक लिपीतले मजकूर, आणि सहीच्या जागी वर्तुळावर फुली. आजतागायत कोणावरही आरोपपत्र नाही.

माझा मुद्दा खुनी कोण हा नाही. त्यावर पुरेसे लोक पुरेशी वर्षं भांडलेत. या प्रकरणात 'हस्ताक्षर जुळलं' आणि 'हस्ताक्षर जुळलं नाही' ही दोन वाक्यं इतक्यांदा वापरली गेली आहेत की त्यांचा अर्थच झिजलाय. एखाद्या संशयिताचं अक्षर पत्रांशी जुळतं का, हे आपण विचारतो. पण कोणत्या पत्रांशी? ती सगळी एकाच माणसाची आहेत हे कुणी ठरवलं, आणि कशावरून?

ठरवणारा माणूस मुख्यतः एक. शेरवुड मॉरिल, कॅलिफोर्निया राज्याचे वादग्रस्त दस्तऐवजांचे तज्ज्ञ, सॅक्रामेंटोत बसणारे. पोलीस एकेका संशयिताचे नमुने पाठवायचे आणि मॉरिल हो किंवा नाही सांगायचे. बहुतेक वेळा नाहीच. त्यांच्या एका 'नाही'वर माणसं यादीतून कटायची.

आता रिव्हरसाइडचं बघा. तिकडे दक्षिणेला, झोडियाकच्या पहिल्या ज्ञात हल्ल्याच्या दोन वर्षं आधी, ३० ऑक्टोबर १९६६ ला चेरी जो बेट्स या कॉलेजच्या मुलीचा खून झाला. त्यानंतर सहा महिन्यांनी, ३० एप्रिल १९६७ ला, तीन हस्तलिखित चिठ्ठ्या आल्या. एक पोलिसांना, एक तिथल्या वर्तमानपत्राला, आणि एक, सांगायला जड जातं, त्या मुलीच्या वडिलांना. मजकूर जवळपास सारखाच : बेट्सला मरावंच लागलं, अजून होतील. खाली एक खूण, कुणाला २ वाटते, कुणाला झेड. कॉलेजच्या एका बाकावर खरडलेली कविताही सापडली होती. १९७० च्या नोव्हेंबरमध्ये मॉरिलनी हे सगळं तपासलं आणि निर्वाळा दिला : झोडियाकचंच.

झालं. झोडियाकची कारकीर्द दोन वर्षं मागे सरकली. पुढची पन्नास वर्षं ज्याचा त्याचा संशयित १९६६ साली रिव्हरसाइडच्या आसपास होता का, हे तपासणं सुरू झालं.

२०१६ मध्ये रिव्हरसाइड पोलिसांकडे एक निनावी टंकलिखित पत्र आलं. त्या चिठ्ठ्या मी लिहिल्या, तो एक विकृत विनोद होता, माफ करा, अशा आशयाचं. २०२० मध्ये एफबीआयच्या मदतीनं, डीएनएवरून, तो माणूस सापडला. त्यानं कबूल केलं. तेव्हा तो पोरसवदा होता, डोकं ठिकाणावर नव्हतं, कुणीतरी आपल्याकडे बघावं एवढीच इच्छा होती. खुनाशी संबंध नाही, झोडियाकशी तर नाहीच नाही. २०२१ मध्ये पोलिसांनी हे जाहीर केलं.

म्हणजे राज्यातल्या सर्वांत अनुभवी डोळ्यांनी एका पोराचं अक्षर सराईत खुन्याचं म्हणून नक्की केलं होतं. हे पचवायला मला आठवडा लागला. चर्चा करूया.

---

विशाखा म.

बाप रे. वडिलांना पाठवलेली चिठ्ठी. त्या पोराला मोठेपणी झोप कशी लागली असेल?

---

रात्रपाळी

छान धागा. एक भर : १९७१ च्या मार्चमध्ये लॉस एंजेलिस टाइम्सला झोडियाकचं पत्र आलं. त्यात तो म्हणतो की माझ्या रिव्हरसाइडच्या उद्योगांचा सुगावा लावल्याबद्दल पोलिसांना दाद द्यायला हवी. तज्ज्ञ म्हणाले त्याचंच, आणि आता तो स्वतःही म्हणतो माझंच! यापेक्षा पक्कं काय हवं?

पण क्रम बघा. आधी वर्तमानपत्रात छापून आलं की रिव्हरसाइड त्याचं आहे. मग त्यानं श्रेय घेतलं. आयता मिळालेला बळी तो कशाला नाकारेल? हाच माणूस १९७४ च्या जानेवारीत आपला आकडा ३७ सांगतो. एका पुराव्यानं दुसऱ्याला टेकू दिला आणि दुसऱ्यानं पहिल्याला.

---

टाकबोरू

@रात्रपाळी, हेच मला मूळ धाग्यात लिहायचं होतं आणि राहून गेलं. धन्यवाद. फक्त एक काळजी घेऊया : चिठ्ठ्या त्याच्या नव्हत्या म्हणजे बेट्सचा खून त्यानं केला नाही असं आपोआप सिद्ध होत नाही. रिव्हरसाइड पोलीस मात्र आपल्या बाजूनं ते प्रकरण झोडियाकचं नाही असंच म्हणत आलेत.

---

खोडरबर

सगळं मान्य. पण एक चूक झाली म्हणून अख्खी विद्या टाकाऊ? डॉक्टरही चुकतात.

आणि सगळ्यांत गाजलेला संशयित, आर्थर ली ॲलन, त्याचं काय? इतके योगायोग एका माणसाकडे. हातात झोडियाक कंपनीचं घड्याळ, राहायला व्हॅलेहोत, म्हणजे हल्ल्यांच्याच भागात. १९७२ च्या सप्टेंबरमध्ये सांता रोझातल्या त्याच्या ट्रेलरची झडती झाली आणि मॉरिलनी सांगितलं अक्षर जुळत नाही. संपलं. सगळा तपास तिथे थिजला. तुमच्याच म्हणण्यानुसार मॉरिल चुकू शकतात, तर मग हा 'नाही'सुद्धा चुकीचा असू शकतो की! शिवाय तो दोन्ही हातांनी लिहायचा म्हणतात. पत्रं दुसऱ्या हातानं लिहिली असतील तर?

---

सहीशिक्के

माझी सगळी नोकरी बँकेत गेली, त्यातली निम्मी सह्या ताडून बघण्यात. तुमच्या झोडियाकबद्दल मला काही कळत नाही, पण अक्षराबद्दल दोन गोष्टी सांगतो.

पहिली. दोन सह्या अगदी तंतोतंत सारख्या दिसल्या की आम्हाला आनंद व्हायचा नाही, घाम फुटायचा. जिवंत माणूस तीच सही दोनदा करत नाही. तंतोतंत सारखी म्हणजे खाली कागद ठेवून गिरवलेली. खऱ्या सहीत थोडा फरक असतोच, आणि तो फरक किती असू शकतो याचा अंदाज यायला एक नमुना पुरत नाही. दहा-बारा तरी लागतात, वेगवेगळ्या दिवसांचे, घाईतले, निवांतपणाचे.

दुसरी. खोट्या सहीचा आकार बरोबर असतो, चाल चुकीची असते. रेघ थबकते, जिथे थांबायचं कारण नाही तिथे पेन उचललेलं असतं, शेवटचा फटकारा निमुळता होत जाण्याऐवजी ठोंब्यासारखा संपतो. हे मूळ कागदावर, भिंगाखाली दिसतं. झेरॉक्सवर दिसत नाही. नेटवरच्या फोटोत तर सोडाच.

एक गृहस्थ हात प्लास्टरमध्ये घालून डाव्या हातानं सही करायला आले होते. मी नियमानुसार परत पाठवलं. ते गेल्यावर कागद पुन्हा पाहिला. अक्षरं वेडीवाकडी, पण नावातल्या दोन अक्षरांमधली जागा, रेघेचा चढ, आडनावापाशी सही वर उचलली जाणं, सगळं जुन्या सहीसारखंच. हात बदलला होता, सवय डोक्यात होती. त्यांची माफी मागायची राहूनच गेली.

---

सुलेखा

सहीशिक्के काका, किती छान लिहिलंत!

मी शिक्षिका. वर्गातल्या चाळीस मुलांची अक्षरं नाव न बघता ओळखते असा मला फार अभिमान होता. एकदा फळ्यावर कुणीतरी घाणेरडं लिहिलं. मी पाहिलं आणि लगेच नाव घेतलं. मुलगा रडून सांगत होता मी नाही. आठवड्यानं खरा लिहिणारा सापडला. मी त्या मुलाचं नाव का घेतलं होतं? कारण त्या आठवड्यात त्यानं आणखी दोन खोड्या केल्या होत्या. आधी माणूस ठरला होता, अक्षर मी नंतर ओळखलं.

---

टाकबोरू

@सुलेखा, तुमच्या शेवटच्या वाक्यासाठी मी माझा अख्खा धागा द्यायला तयार आहे.

@खोडरबर, तुमच्या मुद्द्याला नीट उत्तर द्यायला हवं, कारण ॲलनवाले सगळे हेच म्हणतात.

मॉरिलचा 'नाही' चुकीचा असू शकतो, बिनशर्त मान्य. पण तुम्ही तिथे थांबत नाही. तुम्ही म्हणता, जुळलं असतं तर तो दोषी, आणि जुळलं नाही तर त्यानं हात बदलला, म्हणून तोच दोषी. मग अक्षर तपासायचंच कशाला?

हा युक्तिवाद जुना आहे आणि त्याची किंमत एका माणसानं मोजलेली आहे. १८९४, फ्रान्स. जर्मन वकिलातीतून एक चिठ्ठी मिळाली, लष्करी गुपितं विकायला काढल्याची. संशय कॅप्टन ड्रेफसवर. बर्तियों हे नाव ऐकलं असेल, गुन्हेगारांच्या शरीराची मापं घेऊन ओळख पटवण्याची पद्धत काढणारा. त्याला अक्षरं तपासायला बसवलं. त्याचं ते क्षेत्रच नव्हतं. चिठ्ठीतलं अक्षर ड्रेफसच्या अक्षराशी काही ठिकाणी जुळत होतं, काही ठिकाणी नाही. बर्तियोंनी सिद्धांत मांडला की ड्रेफसनं स्वतःच्याच अक्षराची नक्कल केली! जुळतं तिथे त्याचं अक्षर, जुळत नाही तिथे त्याची लबाडी. ड्रेफस डेव्हिल्स आयलंडवर काळ्या पाण्याच्या शिक्षेवर गेला. १९०४ मध्ये प्वांकारेसह तीन गणितज्ञांनी बर्तियोंच्या गणिताच्या चिंध्या केल्या, १९०६ मध्ये ड्रेफस निर्दोष ठरला. चिठ्ठी एस्टरहाझी नावाच्या अधिकाऱ्यानं लिहिली होती.

ॲलनचं म्हणाल तर १९९१ मध्ये त्याच्या घराची पुन्हा झडती झाली, १९९२ मध्ये तो वारला. २००२ मध्ये एका पत्राच्या पोस्टाच्या तिकिटामागून मिळालेल्या अर्धवट डीएनएशीही तो जुळला नाही. आता तुम्ही म्हणाल तिकीट दुसऱ्या कुणाकडून चाटवून घेतलं असेल. असेलही.

---

खोडरबर

म्हणणारच होतो :)

पण अक्षर बदलता येतं हे तरी मान्य करा.

---

टाकबोरू

बदलता येतं. एक ओळ, दोन ओळी. सहा पानं बदलून लिहीत राहणं फार कठीण. नोव्हेंबर १९६९ मधलं एक पत्र सहा पानांचं आहे. माणूस आकार बदलतो, तिरपेपणा बदलतो, कारण त्याच गोष्टी त्याला स्वतःला दिसतात. शब्दांमधली जागा, अक्षरांची एकमेकांशी उंची, 'के'चे तीन फटकारे कोणत्या क्रमानं पडतात, ओळ उजवीकडे किती उतरते, हे त्याला दिसतच नाही, तर बदलणार काय? सहीशिक्के काकांचे प्लास्टरवाले गृहस्थ आठवा.

---

मोडीवाचक

मी हौशी मोडी वाचक. आमच्याकडे 'वळण' हा शब्द फार नेमका आहे. चिटणिशी वळण, बिवलकरी वळण. दप्तरातले चार कारकून एकाच गुरूकडे शिकलेले असले तर चौघांचं लेखन लांबून एकसारखं दिसतं. नवखा माणूस म्हणतो, एकाच हातचं! मुरलेला वाचक आधी वळण बाजूला काढतो आणि मग उरलेल्यात माणूस शोधतो : हा 'र'ची शेपटी जरा जास्त खेचतो, तो ओळीच्या शेवटी अक्षरं दाबून बसवतो.

अमेरिकेतही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शाळांमधून पामर पद्धतीचं वळण गिरवून घेत. झोडियाकची पत्रं मात्र जोडअक्षरात नाहीत, सुटी छापील अक्षरं आहेत ना? मग तिथे वळणाचा प्रश्न आणखी बिकट होत असेल. सुट्या अक्षरांत जोड नसतात, आणि माणसाची बरीच सवय जोडांमध्ये असते.

---

टाकबोरू

बरोबर ओळखलंत. सुटी अक्षरं, बहुतेक निळ्या फेल्ट-टिप पेननं. फेल्ट-टिप म्हणजे आणखी एक अडचण : टोक मऊ आणि जाड, दाबातला चढउतार बॉलपेनसारखा कागदात उमटत नाही. उरतात आकार, क्रम, अंतरं, ओळीचा उतार.

नेटवरच्या बहाद्दरांचं याच ठिकाणी घोडं पेंड खातं. कुणाच्या तरी काकांच्या वाढदिवसाच्या कार्डावरचा 'आर' उचलायचा, झोडियाकच्या 'आर'शेजारी ठेवायचा, दोन्ही बरोबरच्या खुणेसारखे दिसतात, झाला खुनी पक्का. त्या काळात तसा 'आर' लिहिणारे किती हजार असतील याचा हिशोब कुणी करत नाही. शिवाय दहा साम्यं मोजताना एक समजावून न सांगता येणारा फरक मुकाट्यानं गिळला जातो. तज्ज्ञांच्या शिस्तीत फरकाचं वजन साम्याहून जास्त असतं.

---

कायदेपंडित (नावापुरता)

कायद्याची बाजू कुणीच घेतली नाही म्हणून लिहितो.

संशयितानं नमुना द्यायला नकार दिला तर? अमेरिकेत स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क आहे. पण १९६७ च्या गिल्बर्ट विरुद्ध कॅलिफोर्निया खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हस्ताक्षराचा नमुना म्हणजे साक्ष नव्हे. तुमच्या मनातलं काही तुम्ही सांगत नाही, फक्त अंगची एक खूण दाखवता, आवाजासारखी. म्हणजे झोडियाकच्या पत्रांच्या आधी दोनच वर्षं, आणि तेही कॅलिफोर्नियाच्याच खटल्यात, हा रस्ता मोकळा झाला होता.

न्यायालयात अशा तज्ज्ञाला किती मान? १९३५ च्या लिंडबर्ग खटल्यात, म्हणजे वैमानिक लिंडबर्गच्या बाळाच्या अपहरणाच्या खटल्यात, भरपूर. खंडणीच्या चिठ्ठ्या आरोपी हाउप्टमननंच लिहिल्या असं सांगायला तज्ज्ञांची रांग लागली होती, अल्बर्ट ऑस्बर्न त्यात अग्रणी. पुढे १९९३ चा डॉबर्ट निकाल आला : शास्त्रीय म्हणवणारा पुरावा खरंच शास्त्रीय आहे का हे न्यायाधीशानं तपासायचं. १९९५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायाधीशानं स्टार्झेकपायझेल खटल्यात मजेशीर भूमिका घेतली. हस्ताक्षर तपासणी हे विज्ञान म्हणून उभं राहत नाही, पण कसब म्हणून ज्युरीसमोर यायला हरकत नाही. पांढरा कोट उतरवा आणि मग आत या, असा काहीसा प्रकार. मला तो निकाल फार शहाणपणाचा वाटतो.

---

अनुस्वार

बोल्डरच्या जॉनबेने रॅमझी प्रकरणाबद्दल कुणीच कसं बोललं नाही? १९९६, सहा वर्षांच्या मुलीचा खून, घरातल्याच वहीवर घरातल्याच पेननं लिहिलेली अडीच पानी खंडणीची चिठ्ठी, मागणी १,१८,००० डॉलर. हस्ताक्षराचा पुरावा म्हणाल तर यापेक्षा मोठा नमुना कुठे मिळणार?

---

टाकबोरू

त्यावर स्वतंत्र धागा हवा, इथे फाटे नकोत. एवढंच सांगतो : २००३ मध्ये एका दिवाणी खटल्यात संघीय न्यायाधीशांनी नोंदवलं की मूळ चिठ्ठी पाहिलेल्या सहा तज्ज्ञांपैकी एकानंही आईचं अक्षर म्हणून ओळख पटवली नव्हती. वडिलांना तर वगळलंच होतं. आईला पूर्णपणे वगळता आलं नाही, आणि लोकांनी 'वगळता आलं नाही' हे 'जुळलं' असं वाचलं. तज्ज्ञांच्या मतांची पट्टी मोठी असते हो : निश्चित त्याचंच, बहुधा त्याचं, खुणा आहेत, सांगता येत नाही, आणि तशाच पायऱ्या उलट्या दिशेनं. मधल्या पायऱ्यांवरचं मत बातमीत येईपर्यंत टोकाला जाऊन पोहोचतं.

---

रात्रपाळी

आकडे देतो, माझा तोच धंदा आहे.

१९९७ मध्ये मोशे काम आणि सहकाऱ्यांनी व्यावसायिक परीक्षक आणि सामान्य माणसं यांना एकच काम दिलं. दोन वेगळ्या माणसांचं लेखन एकाचंच समजण्याची चूक परीक्षकांनी ६.५ टक्के वेळा केली, सामान्यांनी ३८.३ टक्के वेळा. म्हणजे @खोडरबर, विद्या टाकाऊ नाही, तुमचं बरोबर. कसब खरं आहे.

२०२२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात मोठा अभ्यास आला : ८६ परीक्षक, ७,१९६ निष्कर्ष. वेगळ्या माणसांचं लेखन 'त्याचंच' म्हणण्याची चूक ३.१ टक्के, त्याच माणसाचं 'त्याचं नाही' म्हणण्याची १.१ टक्के. जुळ्या भावंडांच्या अक्षरात पहिली चूक ८.७ टक्क्यांपर्यंत चढली.

आता ३.१ टक्के छोटा आकडा वाटतो. एकच संशयित असेल तर छोटाच आहे. पण झोडियाकसारख्या प्रकरणात पोलीस जाळं टाकतात. समजा हजार निरपराध लोकांची अक्षरं तपासली. याच दरानं तीसेक जणांचं अक्षर 'जुळेल'. खरा खुनी त्या हजारात नसला तरी! हा दर चाचणीतला आहे, प्रत्यक्षात कमीजास्त होईल, पण हिशोबाची दिशा तीच राहते.

उलटं बघा. त्याच आकड्यांनुसार 'त्याचं नाही' म्हणण्यातली चूक कमी. म्हणजे मॉरिलचा 'हो' आणि मॉरिलचा 'नाही' एका तराजूत घालायचे नाहीत.

---

खोडरबर

हे पटलं. ॲलनबद्दल मत बदललं नाही, पण हे पटलं.

---

विशाखा म.

एक बाळबोध प्रश्न. पत्रं तर वर्तमानपत्रात छापून येत होती ना? मग कुणीही बघून तसंच अक्षर काढू शकलं असतं.

---

टाकबोरू

बाळबोध कसला, कळीचा प्रश्न आहे. १८८८ मध्ये लंडनच्या पोलिसांनी 'जॅक द रिपर' अशी सही असलेल्या पत्राची नक्कल छापून भिंतींवर लावली होती, कुणी अक्षर ओळखेल म्हणून. ओळखलं कुणी नाही. मात्र एकदा अक्षर चव्हाट्यावर आलं की त्यानंतर आलेल्या प्रत्येक पत्राबद्दल हा प्रश्न उभा राहतो.

झोडियाकच्या बाबतीत १९७८ च्या एप्रिलमधलं 'मी परत आलोय' हे पत्र घ्या. आधी अस्सल म्हणून निर्वाळा मिळाला, मग इतर तज्ज्ञांनी बनावट ठरवलं. संशय थेट तपास अधिकारी डेव्हिड टॉस्ची यांच्यावर गेला. एका स्तंभलेखकाला त्यांनी खोट्या नावांनी स्वतःचंच कौतुक करणारी पत्रं पाठवली होती, हे उघड झालं म्हणून. झोडियाकचं पत्र त्यांनी लिहिल्याच्या आरोपातून ते सुटले, पण झोडियाकचा तपास हातून गेला. ज्यानं आयुष्य या अक्षरामागे घालवलं, त्याच्याच अक्षराकडे बोटं.

म्हणून मी माझ्यापुरत्या दोन टोपल्या केल्यात. पहिलीत फक्त ती पत्रं ज्यांना अक्षराशिवाय दुसरा आधार आहे. १३ ऑक्टोबर १९६९ चं पत्र, सोबत त्यानं मारलेल्या टॅक्सीचालक पॉल स्टाइनच्या रक्ताळलेल्या शर्टाचा तुकडा. २० डिसेंबर १९६९ चं, मेल्विन बेली या वकिलाला लिहिलेलं, पुन्हा शर्टाचा तुकडा. आणि ३१ जुलै १९६९ ची तीन वर्तमानपत्रांना गेलेली पत्रं, ज्यांत गोळ्यांचा प्रकार वगैरे पोलिसांनाच माहीत असलेल्या गोष्टी होत्या. बाकी सगळी, केवळ अक्षर आणि शैलीवर स्वीकारलेली, दुसऱ्या टोपलीत. संशयिताचं अक्षर ताडायचं तर फक्त पहिल्या टोपलीशी.

---

मोडीवाचक

आणि गाडीचा दरवाजा?

---

टाकबोरू

वाटच बघत होतो कुणी विचारतंय याची.

२७ सप्टेंबर १९६९, लेक बेरियेसा. तिथल्या तरुण जोडप्यावर चाकूनं हल्ला करून झाल्यावर तो रस्त्यावर उभ्या असलेल्या त्यांच्या पांढऱ्या कारमन गिया गाडीपाशी गेला आणि काळ्या पेननं दरवाजावर लिहून गेला : वर्तुळावर फुली, व्हॅलेहो, आधीच्या दोन हल्ल्यांच्या तारखा, त्या दिवसाची तारीख, ६:३०, आणि 'चाकूनं'. मॉरिलनी तेही त्याचंच म्हटलं.

पत्र खुन्यानंच लिहिलं का, हा प्रश्न उरतो. इथे तोही उरत नाही. हल्ल्याची वेळ आणि हत्यार माहीत असलेला माणूस, बातमी फुटायच्या आत, घटनास्थळापासून काही अंतरावर लिहून गेलाय. मजकुराच्या दृष्टीनं यापेक्षा पक्का नमुना अख्ख्या प्रकरणात नाही.

आणि अक्षराच्या दृष्टीनं यापेक्षा वाईटही नाही. उभा पत्रा, गुळगुळीत आणि बाकदार. मनगट टेकायला जागा नाही, बहुधा वाकून किंवा उकिडवं बसून, नुकताच चाकू चालवलेला हात. चारदोन शब्द, बाकी आकडे. टेबलावर बसून लिहिलेल्या पत्राशी याची तुलना करताना बोटांच्या सवयी जवळजवळ गायबच असणार, कारण उभ्या पृष्ठभागावर माणूस खांद्यानं लिहितो.

---

सुलेखा

हे मात्र अगदी खरं. माझं फळ्यावरचं अक्षर आणि वहीतलं अक्षर दोन बायकांचं वाटेल. आणि आत्ता लक्षात आलं, त्या मुलाचं तेव्हा मी फळ्यावरचंच अक्षर 'ओळखलं' होतं, आणि मला माहीत होतं ते फक्त त्याचं वहीतलं.

---

सहीशिक्के

आकडे आहेत म्हणता ना दरवाजावर? मग आकडे बघा. बँकेत चेकवर अक्षरी रक्कम बदलून लिहिणारे पुष्कळ पाहिले, आकडे बदलायचं कुणाच्या लक्षात येत नाही. सात, नऊ, आणि विशेषतः तारखेतल्या आडव्या रेघा. संशयिताच्या जुन्या नोंदी, भाड्याच्या पावत्या, कामावरच्या वेळेच्या नोंदी, यांत तारखा ढिगानं मिळतील, आणि त्या पोलीस समोर नसताना लिहिलेल्या असतील.

---

टाकबोरू

काका, दरवाजावर दोन तारखा आकड्यांत, आडव्या रेघांनी तोडलेल्या, आणि तिसरीत महिना शब्दांत आहे. हा फरक मी तीन महिने रोज बघतोय आणि त्याकडे कधी लक्ष गेलं नव्हतं. उद्या पहिल्या टोपलीतले सगळे आकडे वेगळे काढून बसतो.

---

रात्रपाळी

बसा, पण सहांची संख्या मोजायला विसरू नका. त्या दरवाजावर सहा बरेच आहेत, आणि वळणातून बाहेर पडलेला सहा मी तरी अजून कुणाचा पाहिलेला नाही.